बाळाचं पोट उडतंय – डब्बा म्हणायचा, न्यूमोनिया म्हणायचा की आणखी काही?

पऱ्हाटी (धागाकर्ता) · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नेहमी इथं कापसाचे भाव आणि ठिबकच्या धाग्यांवर असतो, आज वेगळ्याच कामासाठी लिहितोय. घाईत आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गाव वर्धा जिल्ह्यात, तालुक्यापासून अठरा किलोमीटर. मुलगी साडेचार महिन्यांची, पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २.६, आता साधारण साडेपाच किलो. मोठा मुलगा अंगणवाडीत जातो. त्याला मागच्या आठवड्यात सर्दी झाली, बाहीला नाक पुसत पुसत तीन दिवसांत बरा झाला. शनिवारी हिचं नाक वाहायला लागलं. ताप आहे, पण १०० च्या वर गेला नाही. रविवारी खोकला सुरू झाला. सोमवारी गावात बसणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक इंजेक्शन दिलं (कशाचं विचारलं तर 'छातीचं' म्हणाले), तीन बाटल्या दिल्या आणि मशीनचा मास्क दहा मिनिटं लावला. त्यानं जरा हलकं वाटलं असं आम्हाला वाटलं.

आज दुपारपासून छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर आहे. दूध दोन घोट घेते अन् तोंड फिरवते. आणि पोट उडतंय.

आई म्हणते डब्बा झाला (तान्ह्या लेकराला धाप लागून पोट उडतं त्याला आमच्याकडे डब्बा म्हणतात). शेजारच्या गावात एक म्हातारा बिब्ब्याचा डाग देतो, सकाळी तिकडं न्यायचं तिचं ठरलं आहे. माझ्या स्वतःच्या पोटावर असे दोन डाग आहेत आणि मी जिवंत आहे, त्यामुळे तिच्याशी वाद घालणं अवघड. बायको रडकुंडीला आली आहे. वेचणी ऐन भरात, बाया ठरलेल्या, तेवढ्यात हे. रात्र काढून सकाळी बघावं का? नेमकं काय बघायचं तेच कळत नाही.

वऱ्हाडीभौ · ९:४६

भौ, पह्यले बिब्बा कॅन्सल कर. बुढीले हात जोड, पाया पड, काहीबी कर, पन लेकराले डागू नको देऊ. माह्या मावसभावाच्या पोराले डागलं होतं, न्यूमोनिया राह्यला बाजूले अन् जखमच चिघळली. डॉक्टर लोक येतीलच, तवरोक लेकराले आडवं नको ठेवू, कुशीत घे.

स्टेथोवाला · ९:५१

पऱ्हाटी, मी बालरोगतज्ज्ञ आहे, अमरावती जिल्ह्यात. लांबून निदान करणार नाही, पण एक काम आत्ताच करा.

मुलगी शांत असताना, झोपेत असेल तर उत्तम, झबलं वर करा. मोबाईलवर एक मिनिट लावा. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच भरभर घेतात, मध्येच मंदावतात. दोनदा मोजा. आणि छाती संपून पोट जिथं सुरू होतं तिथं, बरगड्यांच्या खालच्या कडेला, श्वास आत घेताना खड्डा पडतो का ते बघा. तान्ह्या बाळाचं पोट एरवीही हलतंच, त्यामुळे 'पोट उडतं' एवढ्यावर मला काही सांगता येत नाही.

पऱ्हाटी · १०:०४

मोजले. झोळीत झोपली होती, झोळी हलते म्हणून खाली गोधडीवर घेतली. बायकोनं मोबाईलची बॅटरी धरली. पहिल्यांदा ६४. दुसऱ्यांदा ६१.

खड्डा पडतो. दर श्वासाला. झबल्याची नाडी पोटावर पडली होती, ती त्या खड्ड्यात आत जाते आणि बाहेर येते. नाकपुड्या पण फुलतायत. हे दुपारपासून असेल, आमचं सगळं लक्ष तापाकडे होतं.

स्टेथोवाला · १०:०७

निघा. सकाळची वाट बघू नका.

दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास. तुमचे साठाच्या वर आहेत, खड्डा पडतोय, दूध सुटलंय आणि वय पाच महिन्यांच्या आत आहे. शिवाय आज चौथा दिवस. मला ज्याचा संशय आहे तो आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत चढत जातो.

१०८ ला फोन लावा. त्यांना वेळ लागणार असेल आणि गावात कुणाची गाडी असेल तर गाडीनं. निघण्याआधी जिथं जाताय तिथं फोन करून दोनच गोष्टी विचारा : लहान बाळाला लावायचा ऑक्सिजन आहे का, आणि रात्री मुलांचा डॉक्टर आहे का. नसेल तर थेट जिल्ह्याला. सेवाग्राम जवळ पडत असेल तर तिकडे. रस्त्यात जबरदस्तीनं दूध पाजू नका, धाप लागलेल्या बाळाच्या श्वासनलिकेत जातं. मान पुढे झुकू देऊ नका. तिन्ही बाटल्या सोबत घ्या. दाखवायला, पाजायला नाही. ओठ किंवा जीभ निळसर दिसली, श्वास मध्येच थांबला किंवा बाळ कण्हायला लागलं तर वाटेत जिथं ऑक्सिजन असेल तिथं आधी थांबा.

पऱ्हाटी · १०:११

निघतो. आई पण येते म्हणते.

गोळीबिस्किट · १०:३५

ते निघाले असतील, पण मागून वाचणाऱ्यांसाठी लिहितो. माझं मेडिकल आहे, यवतमाळकडे. दिवसाला दहा तरी लोक येतात, 'पोराला खोकला आहे, चांगली बाटली द्या'. वय विचारलं की चार महिने, आठ महिने. मी देत नाही. मग 'समोरचा देतो' म्हणून निघून जातात.

मागच्या वर्षीची, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची छिंदवाड्याकडची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. साध्या सर्दी-खोकल्यासाठी सिरप पाजलं, त्यात डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, पोरांच्या किडन्या गेल्या. कितीतरी पोरं उपचाराला आपल्या नागपुरात आणली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही शक्यतो नाहीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनच्या जोडीच्या बाटलीवर 'चार वर्षांखाली वापरू नये' असं छापायचा हुकूम निघाला होता. ते इतक्या बारीक अक्षरात असतं की मलाही चष्मा लावावा लागतो.

आणि ती बाटली भेसळीची नसली, अगदी शुद्ध असली, तरी तान्ह्या बाळाला ती गुंगीच आणते. धाप लागलेल्या लेकराला गुंगी आली की घरच्यांना वाटतं आराम पडला.

संत्रा_बर्फी · ११:०२

भांडायला विचारत नाहीये, खरंच कळत नाही म्हणून. हे सगळं व्हायरल आहे असं डॉक्टरांच्या बोलण्यावरून दिसतं. व्हायरसवर औषध नाही म्हणता. मग रात्री दहा वाजता साडेचार महिन्यांचं लेकरू थंडीत चाळीस-पन्नास किलोमीटर पळवून दवाखान्यात काय देणार आहेत?

वऱ्हाडीभौ · ११:०९

सवाल बरोबर हाय पन टाइम चुकला तुमचा. 🙏

स्टेथोवाला · बुधवार, सकाळी ७:२०

टाइम बरोबर आहे, काल ओपीडी संपवून झोपलो म्हणून उत्तर आत्ता. हाच प्रश्न मला दर हिवाळ्यात समोर बसून विचारतात, तेव्हा सावकाश लिहितो.

इथं बहुतेकांकडे ठिबक आहे म्हणून त्याच भाषेत. छातीत मोठी नळी, तिला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, शेवटी अगदी बारीक नळ्या. त्यांना ब्रॉन्किओल म्हणतात, दोन मिलिमीटरपेक्षाही अरुंद. विषाणू तिथं पोचला की आतलं अस्तर सुजतं, त्याच्या पेशी झडतात, चिकट शेंबूड आणि झडलेल्या पेशी मिळून गाळ होतो. ठिबकच्या लॅटरल नळीत गाळ बसल्यासारखंच. काही नळ्या पूर्ण बंद, काहींतून हवा आत जाते पण बाहेर येत नाही. नळीचा व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नळ्या रुंद, त्याला तेवढ्याच सुजेनं नुसता खोकला येतो. पऱ्हाटींच्या मोठ्या मुलाला तीन दिवसांची सर्दी झाली आणि बहिणीला धाप लागली, विषाणू बहुधा एकच. या आजाराला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. दोन वर्षांखालच्या मुलांचा आजार, आणि तो करणाऱ्यांत पहिला नंबर आरएसव्हीचा, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरसचा.

आता ठिबकमध्ये गाळ बसला की आपण ॲसिड सोडतो. इथं सोडायला काही नाही. गाळ शरीरच काढतं, आठवडा-दहा दिवसांत, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पण तोपर्यंत बाळाला दोन गोष्टींनी धोका असतो. एक, ऑक्सिजन कमी पडणं. दुसरी, थकणं : मिनिटाला साठ श्वास म्हणजे दिवसभर धावणं, आणि त्यात नाक बंद, म्हणून दूध जात नाही. दवाखान्यात नाकातला शेंबूड ओढून काढतात, ऑक्सिजन देतात, गरज पडली तर नाकातून पोटात नळी घालून आईचंच काढलेलं दूध देतात, त्याहून वाढलं तर दाबानं हवा देणारं मशीन. विषाणू मरेपर्यंत लेकरू तगवायचं, एवढंच काम. ऐकायला फार साधं वाटतं आणि त्याच साध्या गोष्टी वेळेवर न मिळाल्यानं मुलं जातात.

नेब्युलायझरबद्दल, म्हणजे मास्क लावून औषधाची वाफ देणाऱ्या त्या मशीनबद्दल. दम्यात नळीभोवतीचा स्नायू आवळलेला असतो, सालब्युटामॉलनं तो सैल होतो. इथं स्नायूचा दोष नाही, सूज आणि गाळाचा आहे. म्हणून त्या वाफेनं बाळ घरी लवकर जात नाही, भरती होणं टळत नाही. अमेरिकेच्या बालरोग संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं की ब्रॉन्किओलायटिसमध्ये हे देऊ नका. स्टिरॉइडही नको आणि जिवाणूचा पुरावा नसेल तर अँटिबायोटिकही नको. तरी आपल्याकडे प्रत्येक घुरघुरीला मास्क आणि डेक्सा, म्हणजे स्टिरॉइडच. मशीन लावलं नाही तर 'काहीच केलं नाही' म्हणतात. मीही तरुणपणी लावत होतो, खोटं कशाला बोलू.

मीच_तो · ८:४१

हे सगळे कोरोनानंतरचे नवीन व्हायरस. आमच्या लहानपणी आरएसव्ही, एचएमपीव्ही कुणी ऐकले होते? लसी आल्या आणि हे सुरू झालं.

सूक्ष्मदर्शक · ९:१५

@मीच_तो, नाव ऐकलं नव्हतं, आजार होता. त्याला तुमच्या-आमच्या आज्या डब्बा म्हणत होत्या. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते म्हणून थोडा इतिहास. आरएसव्ही सापडला १९५६ मध्ये, अमेरिकेत, प्रयोगशाळेतल्या चिंपांझींना सर्दी झाली तेव्हा. पहिलं नाव 'चिंपांझी सर्दीचा जंतू' अशा अर्थाचंच होतं. पुढल्याच वर्षी तो आजारी बाळांमध्ये मिळाला आणि कळलं की चिंपांझींना माणसांकडूनच लागला असावा. एचएमपीव्ही त्याच कुळातला, तो २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, पण माणसांत त्याआधीही कित्येक वर्षं होताच. जानेवारी २०२५ मध्ये वाहिन्यांनी त्यावरून केवढा गोंधळ घातला आठवत असेल.

आणि हा आजार काही दुर्मीळ नाही. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला आरएसव्ही एकदा तरी होऊन जातो. बहुतेकांना नुसती सर्दी. २०१९ सालासाठी शास्त्रज्ञांनी मांडलेला जगाचा हिशोब असा : पाच वर्षांखालच्या मुलांत आरएसव्हीनं फुप्फुसापर्यंत पोचलेले सुमारे ३ कोटी ३० लाख आजार, ३६ लाख भरती, एक लाखाहून जास्त मृत्यू. त्यातले ९७ टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या गरीब-मध्यम देशांत. विषाणू श्रीमंतांच्या पोरांनाही तोच होतो.

लसीचं म्हणाल तर, १९६६-६७ मध्ये फॉर्मॅलिननं मारलेल्या विषाणूची लस बाळांवर तपासली. ती उलटली. लस दिलेल्या मुलांना पुढे आरएसव्ही झाला तेव्हा बहुतेकांना भरती करावं लागलं, दोन दगावली. त्या धक्क्यानं हे काम कित्येक दशकं रखडलं. विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन पेशीला चिकटण्याआधी कसं दिसतं ते २०१३ मध्ये उलगडलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. २०२३ मध्ये गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत द्यायची लस अमेरिकेत मंजूर झाली, आणि बाळाला थेट द्यायचं प्रतिपिंडाचं इंजेक्शनही. आपल्या सरकारी लसीकरणात यातलं काही अजून नाही.

मीच_तो · ९:३०

म्हणजे लस उलटली हे मान्य. धन्यवाद.

सूक्ष्मदर्शक · ९:३३

१९६७ ची. आणि म्हणूनच पुढची यायला पन्नास वर्षं लागली, कारण कुणी घाई केली नाही. बाकी चर्चा वेगळ्या धाग्यावर करू.

आशा_वर्कर_बाई · दुपारी १२:५०

मी आशा आहे, घाटंजीकडची. जेवायला बसले तेव्हा धागा दिसला. डॉक्टर साहेबांनी झबलं वर करा म्हटलं ते वाचून बरं वाटलं. आम्हाला पण ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात. थंडीत लोक लेकराला चार कपडे, वरून टोपरं, वरून शाल गुंडाळून ठेवतात, आणि सांगतात 'बरं हाय'. कपडे काढा म्हटलं की आजी रागावते, गार लागेल म्हणते. मी मग चुलीजवळ बसवते अन् काढायला लावते. पण धूर असेल तर चुलीजवळ नाही. ओव्याची धुरी देतात ना लेकराला, ती तर बिलकुल नाही.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे अमॉक्सिसिलिनचं औषध असतं. श्वास जास्त असले की पहिला डोस देऊन पुढं पाठवायचं असं सांगितलंय. आता साहेब म्हणतात व्हायरसला अँटिबायोटिक नको. मग आम्ही चुकतो का?

स्टेथोवाला · १:३०

ताई, तुम्ही बिलकुल चुकत नाही. हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण माझ्या सकाळच्या पोस्टचा उलटा अर्थ निघू शकतो.

मी स्टेथोस्कोप, ऑक्सिमीटर आणि गरज पडली तर एक्स-रे घेऊन बसलो आहे, तरीसुद्धा विषाणूचा न्यूमोनिया आणि जिवाणूचा न्यूमोनिया मला दरवेळी वेगळे काढता येत नाहीत. लहान बाळ, आधी सर्दी, मग घुरघुर, घरात कुणालातरी सर्दी : झुकतं माप विषाणूकडे. एकदम १०३ ताप, घुरघुर नाही, एकाच बाजूला आवाज कमी, मूल फार आजारी दिसतंय : जिवाणूचा संशय आधी. दारात उभं राहून हे ठरवायला तुमच्याकडे साधन नाही, आणि जिवाणूचा असेल तर पहिला डोस जीव वाचवतो. तुम्ही डोस द्या आणि पाठवा. मी सांगतो ते बंद करायचं की नाही, ती जबाबदारी माझी. माझा राग आहे तो 'साधी सर्दी, श्वास ३५, हे घ्या तीन अँटिबायोटिक' यावर.

बाकी श्वास वाढण्याची आणखी कारणं असतात. दुसरा-तिसरा आठवडा नुसती खोकल्याची उबळ आणि शेवटी उलटी असेल तर डांग्या खोकला. दूध पिताना घामाघूम होत असेल, वजन वाढत नसेल तर हृदय. आणि दीड-दोन वर्षांचं पोर खेळता खेळता एकदम ठसकलं आणि तेव्हापासून घुरघुरतंय, तर शेंगदाणा किंवा हरभऱ्याचा दाणा श्वासनलिकेत. हंगामात असं एखादं तरी येतंच, आठवडाभर 'दमा' म्हणून वाफ घेऊन आलेलं.

झाडीपट्टी · २:४४

ताईंच्या प्रश्नावरून. मी गडचिरोलीचा, 'सर्च' संस्थेचं काम जवळून पाहिलेला. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नेमकं हेच करून दाखवलं. गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि न्यूमोनियाचं औषध द्यायला शिकवलं. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं : त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले. तेव्हा लोक म्हणायचे, अडाणी दाई न्यूमोनिया कसा ओळखणार?

पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी एक साधन केलं होतं. लाकडी चौकट, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला की न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

अवांतर : आमच्याकडे जलद श्वासाला वेगळा शब्द आणि पोट आत जाण्याला वेगळा शब्द आहे. लोकांना फरक कळत होता, उपाय चुकत होता.

संत्रा_बर्फी · ३:१०

मेळघाटात पण आरएसव्हीवर काम झालंय ना? वाचल्यासारखं वाटतं.

झाडीपट्टी · ३:१८

हो, 'महान' संस्थेनं पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेबरोबर. दोन वर्षांखालच्या मुलांचा गावोगाव पाठपुरावा. दवाखान्यापर्यंत न पोचणाऱ्या मुलांची नोंद एरवी कुठल्याच रजिस्टरात येत नाही, म्हणून असं गावात बसून केलेलं काम मोलाचं.

वऱ्हाडीभौ · संध्याकाळी ६:०५

पऱ्हाटी भौ, काय झालं बाप्पा? एक ओळ तरी टाक. येथी सारे वाट पाहून रायले.

पऱ्हाटी · गुरुवार, पहाटे ५:३०

आहे. मुलगी आहे. 🙏 आत्ता जरा निवांत, तिच्या खाटेजवळ बसून लिहितो.

त्या रात्री १०८ ला पाऊण तास लागेल म्हणाले म्हणून सरपंचाच्या गाडीनं निघालो. तालुक्याला थांबलो नाही असं नाही, थांबलो. तिथं मोठ्या माणसाचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं, ते हिच्या बोटावर लावलं तर कधी ९६ दाखवी, कधी ७८. सिस्टर म्हणाली, याच्यावर विश्वास ठेवू नका, पुढं जा. तिचे उपकार. जिल्ह्याला पोचलो तेव्हा साडेअकरा. पायाला गुंडाळायची पट्टी लावली : ८७.

पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी काय केलं तर नाकात सलाईनचे थेंब टाकून बारीक नळीनं नाक साफ केलं. एवढा शेंबूड निघाला की माझी आई म्हणाली, 'एवढ्याशा नाकात हे मावलं कसं?' मग नाकाशी ऑक्सिजनची नळी. अर्ध्या तासात ९५. त्या आकड्याकडे बघत मी पहिल्यांदा खाली बसलो.

तपासणीचं विचारलं. आरएसव्ही आहे का बघा म्हटलं, तुमचा धागाच दाखवला डॉक्टरीणबाईंना. त्या हसल्या. म्हणाल्या, नाकाचा स्वॅब पाठवता येतो, पण रिपोर्ट काहीही आला तरी मी हेच करणार आहे. एक्स-रे काढला कारण आधी कसलं इंजेक्शन झालं ते माहीत नव्हतं. फुप्फुसं फुगलेली, ठिपका नाही. अँटिबायोटिक दिलं नाही. तीन बाटल्यांपैकी दोन कचऱ्यात टाकल्या, एक पॅरासिटामॉल होती ती ठेवली. तोंडानं दूध बंद, नळीनं दर दोन तासांनी आईचं दूध. बायको वाटीत काढून देते.

काल पाचवा दिवस, रात्री तीन वाजता पुन्हा वाढलं होतं. ७० च्या वर गेले. दाबाच्या हवेचं मशीन खाटेजवळ आणून ठेवलं होतं, लावायची वेळ आली नाही. तुम्ही पाचवा दिवस म्हटला होता म्हणून मी घाबरलो तरी पळालो नाही. शेजारच्या खाटेवरचे लोक 'इथं औषधच देत नाहीत' म्हणून त्याच रात्री सुट्टी घेऊन नागपूरला गेले.

गोळीबिस्किट · ७:०२

८७ वाचून काटा आला. सकाळपर्यंत थांबला असता तर... जाऊ द्या. वहिनींना जेवायला सांगा, त्या विसरतील.

स्टेथोवाला · ७:४०

छान. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांगा. आता दूध तोंडानं सुरू होईल, तेव्हा थोडं थोडं आणि जास्त वेळा. घरी गेल्यावर पाजण्याआधी नाकात मेडिकलमधले सलाईनचे थेंब, मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब नाही. नाकात तेल सोडू नका. छातीला कापराचं काही चोळू नका. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीसुद्धा नको. मध तर एक वर्षाच्या आत कधीच नाही, त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. खोकला तीन आठवडे राहील, त्यासाठी गावातल्या डॉक्टरांकडे परत जाऊ नका.

आणि आजोबांची बिडी अंगणात.

पऱ्हाटी · रविवार, रात्री ८:१५

काल सुट्टी झाली. दोन दिवस ऑक्सिजनशिवाय ९६-९७ होतं, दूध पूर्ण पिते. खोकला आहे. बिडी गोठ्यात गेली आहे (आजोबा नाही, मीच ओढायचो, कबूल करतो).

मोठ्याला बहिणीची पापी घ्यायची नाही म्हणून सांगितलं तर तो दारात उभा राहून हात धुतल्याचं दाखवतो. साबण संपत आला.

आईचं सांगायचं राहिलं. दवाखान्यात तिला मी झाडीपट्टींची पोस्ट वाचून दाखवली, मण्यांची. काही बोलली नाही. काल रात्री बघतो तर झोळीजवळ सुपात तुरीचे पाच दाणे घेऊन बसलेली. बोटांच्या पेरांवर दहा मोजते, एक दाणा बाजूला करते. घड्याळ तिला वाचता येत नाही, म्हणून सुनेला मोबाईल धरायला लावला. चार दाणे झाले अन् मिनिट संपलं. मला म्हणाली, 'पाचवा राह्यला ना, मंग झोप तू.' बिब्ब्याचं मात्र अजून म्हणते की त्यानंही बरं झालं असतं. मी वाद घातला नाही.

वेचणीचा एक वेचा हातचा गेला, कापूस खाली पडला. त्याचं काय ते ठिबकच्या धाग्यावर बोलू.

आशा_वर्कर_बाई · ९:०१

तुरीचे दाणे! उद्याच्या माता बैठकीत सांगते. 😊 दोन महिन्यांच्या आतल्या लेकराला सहा दाणे, एक वर्षापर्यंत पाच, त्याच्यावर पाच वर्षांपर्यंत चार. बरोबर ना साहेब?

स्टेथोवाला · ९:२०

अगदी बरोबर. ६०, ५० आणि ४०. यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं.

नवीन_सभासद_८८ · ११:३८

आत्ताच आयडी घेतला, पूर्ण धागा वाचून काढला. माझा पुतण्या तीन वर्षांचा आहे, कालपासून ताप १०२-१०३, खोकला. धागा वाचून मोजले तर ४८ आले, म्हणजे पन्नासच्या आतच आहेत. पण बरगड्यांखाली थोडं आत गेल्यासारखं वाटतं, आणि संध्याकाळपासून पाणीपण नको म्हणतो, नुसता पडून आहे. सकाळी दाखवलं तर चालेल ना?

स्टेथोवाला · ११:४१

तीन वर्षांच्या मुलाला ५० नाही, ४० ची मर्यादा आहे. पाणी पीत नाही आणि पडून आहे, हे आकड्याहून जास्त गंभीर आहे. धागा बंद करा, १०८ लावा, आत्ता निघा. कुठल्या तालुक्यात आहात तेवढं लिहा, रात्री मुलांचा डॉक्टर कुठं आहे ते मी फोन करून बघतो.